सातवी सीट

ताई,
मी मुलुंडची, वय ५३. माझी मैत्रीण गेल्या नोव्हेंबरात गेली. १९९७ साली लोकलच्या लेडीज डब्यात आमची ओळख झाली. दोघींची ऑफिसं फोर्टात. पुढे लग्नं झाली, मुलं झाली, पण डबा तोच राहिला. २००८ पासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दर मे महिन्यात आमची दोन कुटुंबं मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला आणि तिथून मालगुंडला एका ओळखीच्या घरी पाच दिवस राहायला जातात. आम्ही चौघं, ते तिघं. रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून सातवं तिकीट वेगळं निघायचं आणि ते ती स्वतःच्या नावावर घ्यायची. कधी दुसऱ्याच डब्यात सीट यायची. ठाण्याला चढली की कुणाशी तरी गोड बोलून ती बदलून घ्यायची आणि पनवेल यायच्या आत आमच्यात येऊन बसलेली असायची. यंदा मार्चमध्ये मिस्टर तिकिटं काढायला बसले आणि म्हणाले, "या वेळी सहा जण, एकाच तिकिटात होतंय." मी उठून आत गेले. त्यांनी तिकिटं काढली. पण तिच्या नवऱ्याला आणि मुलीला अजून कुणी विचारलेलंच नाही. सासूबाई म्हणतात, वर्षही झालं नाही, त्यांच्या घरी सण नाहीत आणि तुम्ही समुद्रावर कसले जाता? मिस्टर म्हणतात, मुलांची सुट्टी का बुडवायची? मला जावंसं वाटतं, आणि जावंसं वाटतं याचीच लाज वाटते. गेल्या वर्षी मालगुंडहून निघायच्या दिवशी ती म्हणाली होती, "अजून एक दिवस राहू या गं." मी ऑफिसचं ऑडिट पुढे केलं आणि आम्ही निघालो. ती गेली तेव्हाही मला रजा मिळाली ती एकाच दिवसाची. जाऊ का? आणि तिथे जाऊन हसले तर?
– एक मैत्रीण, मुलुंड

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. जा. आणि तिच्या नवऱ्याला, मुलीला विचारायला आता एक दिवसही उशीर करू नका.

मिस्टरांवर रागावू नका. त्यांचं ते वाक्य वाचताना माझ्याही पोटात कालवाकालव झाली. पण जो माणूस इतकी वर्षं दर मे महिन्यासाठी दोन तिकिटं काढत आला, त्याला "एकाच तिकिटात होतंय" म्हणताना काहीच वाटलं नसेल हे मला पटत नाही. तुम्ही उठून आत गेलात आणि ते एकटेच ती सहा नावं भरत बसले. आज रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांना एवढंच विचारा, "तुम्हाला तिची आठवण कधी येते?" पत्रावरून वाटतं, हा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी कुणाला विचारलेला नाही.

सासूबाईंचं म्हणणंही मी सहज बाजूला सारणार नाही. आपल्याकडे माणूस गेलं की दहा दिवस सुतक, दहाव्याला पिंडदान, तेराव्याला गोडाचं जेवण, मग वर्षभर सण नाहीत आणि शेवटी वर्षश्राद्ध. चाली घरोघर वेगळ्या, पण दुःखाला जागा आणि दुःखाला मुदत हे दोन्ही त्यांत असतं. सासूबाई ज्या पिढीच्या आहेत तिला याचं मोल कळतं. फक्त एक आहे. हे सगळं घरच्यांसाठी आणि भाऊबंदांसाठी आखलेलं आहे. मैत्रिणीसाठी यात एक ओळसुद्धा नाही. तुम्हाला सुतक नव्हतं, त्यामुळे ते फिटलंही नाही. तेराव्याला तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात वाढणीचं बघत असाल, कारण कोणता डबा कुठे आहे हे त्या घरातल्या पाहुण्यांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत. ऑफिसात "कोण तुमची?" असं विचारलं असेल, तुम्ही "मैत्रीण" म्हणाला असाल आणि समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचलं नसेल. जवळपास तीस वर्षं रोज सकाळी जिच्या शेजारी उभं राहून, बसून, भाजी निवडत, मुलांच्या परीक्षांपासून नवऱ्याच्या रक्तदाबापर्यंत सगळं बोललात, ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याच गाडीत चढलात.

ज्या दुःखाला समाज रीतसर दुःख मानत नाही, त्यावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात लिहायला सुरुवात केली. मैत्रीतलं दुःख त्यात येतंच. असं दुःख लवकर निवत नाही, कारण ते कुणासमोर मांडताच येत नाही. मला वाटतं, जावंसं वाटण्याची तुमची लाज म्हणजे तुम्ही स्वतःलाच लावून घेतलेलं सुतक आहे. कुणी दिलं नाही म्हणून तुम्ही घेतलंत. ते मला कळतं. पण मग त्याला मुदतही तुम्हालाच द्यावी लागेल. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगून बघा. "मला तिचं सुतक पाळायला कुणी सांगितलं नाही, पण मी पाळलं, पाच महिने पाळलं." बाईमाणसाला हे वाक्य कळेल.

आता त्या दोघांना विचारण्याचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मी स्वतः यात चुकले आहे.

माझी एक मैत्रीण २००९ साली गेली. तिची आई गिरगावात चाळीत राहायची. मी आधी दर रविवारी त्यांच्याकडे जायचे, ते हळूहळू कमी केलं. गेलेच तर पाणी किती वाजता येतं, चाळीच्या पुनर्विकासाचं कुठवर आलं, पापलेट काय भावानं मिळालं, यावर बोलायचे. तिचं नाव काढलं तर काकू रडतील अशी भीती वाटायची. दोन वर्षांनी एका दुपारी काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तिचं नाव तुझ्या तोंडून ऐकायला मी थांबलेय गं. बाकीच्यांचं सोड, तुला काय झालं?" काकू रडल्या, मी रडले, आणि मग त्यांनी तिच्या शाळेतला एक किस्सा सांगितला, जो मला माहीतच नव्हता. दोन वर्षं मी समजत होते की मी त्यांना जपतेय. त्या दोन वर्षांत मी त्यांना एकटं टाकलं होतं. त्याची भरपाई करायला आता काकू नाहीत. म्हणून तुमच्यामागे घाई लावतेय.

तेव्हा फोन नको, मेसेज तर नकोच. घरी जा. आणि दोघांना वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलंत तर ती बाबांकडे बघून "हो" म्हणेल, ते तिच्याकडे बघून "हो" म्हणतील, आणि कदाचित दोघांनाही यायचं नसेल. मुलगी आता एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिला कॉलेजजवळ गाठा, कुठेतरी बसून खा आणि साधं बोला. "आम्ही जातोय. तुमची तिकिटं काढलीत. यावंसं वाटलं तर ये, आदल्या रात्री नाही म्हणालीस तरी मला चालेल, तिकिटाचे पैसे जाऊ देत." आणि त्याच बोलण्यात तिच्या आईचं नाव घ्या. "तुझी आई" असं नव्हे, नाव. तुमच्या पत्रात ते नाव तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलंय. मी ते इथे मुद्दाम छापलेलं नाही, पण त्या मुलीच्या कानावर ते तुमच्या आवाजात पडायला हवं. घरात हल्ली तिच्या आईला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

तिचे बाबा आले तर दोन गोष्टी आधी ठरवून ठेवा. पहिली, खोल्यांची. इतकी वर्षं त्या घरात एक खोली त्या तिघांची असणार. त्याच खोलीत त्यांना पुन्हा पाठवू नका. पुरुष आणि मुलगे एका खोलीत, बायका आणि मुली दुसऱ्या खोलीत, असं तुम्हीच पोहोचल्या पोहोचल्या सहज सांगून टाका, म्हणजे कुणाला विचार करत उंबऱ्यात उभं राहावं लागणार नाही. मालगुंडच्या त्या घरच्यांना आधीच फोन करून सगळं कळवा. नाहीतर तुम्ही अंगणात पाय ठेवाल आणि घरातून पहिला प्रश्न येईल, "वहिनी कुठायत?" दुसरी गोष्ट, त्यांच्या घरी वर्षभर काय पाळतात ते त्यांनाच विचारा. काही घरांत त्या वर्षात देवळात जात नाहीत, काहींत गोड खात नाहीत. तुम्ही गणपतीपुळ्याला जाऊन टेकडीची प्रदक्षिणा घालत असाल (ती सगळी टेकडीच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणाही सगळ्या टेकडीला), तेव्हा त्यांना देवळात यायचं नसेल तर तुमच्या मिस्टरांनी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर थांबावं. आग्रहाचा मोदक नको.

आणि ते नाही म्हणाले तर? तर तुम्ही चौघं जा. रोज संध्याकाळी मुलीला एक फोन करा. येताना त्यांच्या घरी रायवळ आंबे, फणसपोळी आणि कोकमं घेऊन जा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. पहिल्या वर्षी "नाही" म्हणणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी कुणी विचारतच नाही, असं मी फार घरांत पाहिलंय.

"हसले तर?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. तुमच्या पत्रातला हाच खरा प्रश्न आहे.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक श्यूट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ साली दुःखाबद्दल एक मांडणी केली. ती मला फार पटते, कारण आपल्या घरांत दिसतं ते हेच. दुःखातलं माणूस दोन काठांमध्ये येरझारा घालतं. एका काठावर गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो, कपड्यांचं कपाट. दुसऱ्या काठावर दूधवाल्याचं बिल, मुलांची फी, नवं काही शिकणं, कधीतरी पोट धरून हसणं. येरझारा चालू असणं म्हणजे माणूस नीट चाललंय. एकाच काठावर अडकून बसणं हे काळजीचं. आणि यात दुःखाला सुट्टी देणं हेही धरलेलं आहे. म्हणजे हसलात तर तुम्ही तिला सोडून गेलात असं होत नाही. अर्ध्या तासाने परत त्या काठावर याल, तुमची इच्छा असो वा नसो.

पहिली संध्याकाळ अवघड जाईल, हे धरूनच चाला. घरात सगळ्यांना एक परवानगी देऊन ठेवा. "मी जरा किनाऱ्यावर जाऊन येते" असं कुणी म्हणालं की मागे जायचं नाही, परत आल्यावर "रडलीस का?" विचारायचं नाही, चहा ठेवायचा.

तुम्ही पत्रासोबत एका वेगळ्या चिठ्ठीत कर्बुडे बोगद्याचा खेळ लिहून पाठवलाय. तो मी वाचकांनाही सांगते. कर्बुडेचा बोगदा ६.५ किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. संगमेश्वर सोडलं की रत्नागिरीच्या अलीकडे लागतो. गाडी आत शिरली की तुमची मैत्रीण सगळ्यांना गप्प बसवायची. उजेड आल्यावर जो पहिला बोलेल त्याने रत्नागिरीला सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं. आणि दर वर्षी तीच हरायची, कारण तिला तेवढा वेळ गप्प बसवायचंच नाही.

यंदा हा खेळ कुणी जाहीर करू नका. गाडी बोगद्यात शिरेल तेव्हा तुमचं सगळं बाक आपोआप गप्प होईल. तुम्हाला दोन मिनिटांची श्रद्धांजली वगैरे काही योजायची गरज नाही, तो डोंगरच तुम्हाला चांगला वेळ गप्प ठेवणार आहे. खिडकीबाहेर अंधार असेल, रडायचं तर रडून घ्या. मग उजेड येईल आणि कुणीतरी बोलेल, बहुतेक तिचीच मुलगी, आणि सगळे हसतील. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते हसणं बहुतेक तिथेच येईल. येऊ द्या. आइस्क्रीम मात्र ज्याने बोललं त्यानेच द्यायचं, लहान म्हणून सूट नाही. ती कुणाला सूट देत नसे, असं तुम्हीच लिहिलंय.

तिची बाकीची कामं मात्र आधी वाटून घ्या. सहलीत एखाद्या माणसाची उणीव सगळ्यांत जास्त त्याच्या कामांत भासते. औषधांचा डबा कुणी भरायचा, गाडीतल्या कोथिंबीर वड्या कुणी करायच्या (मांडवीत खायला कितीही येत असलं तरी घरचा डबा हवाच), आंबा देठाशी हुंगून कुणी निवडायचा, सकाळी सहाला सगळ्यांना हलवून समुद्रावर कुणी न्यायचं. मुलांना पाण्यात गुडघ्यापुढे जाऊ न देणं हेही तिच्याकडेच होतं, असं तुम्ही लिहिलंय. ते काम एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन सोपवा, "सगळे बघू" असं नको. गणपतीपुळ्याचा तो सगळा किनारा दिसायला शांत आहे, पण पायाखालची वाळू पटकन ओढली जाते आणि पट्टीचे पोहणारेही तिथे फसलेले आहेत. कोथिंबीर वड्या तिच्या मुलीला जमत असतील तर तिला करू द्या, पण "अगदी आईसारख्या झाल्यात" असं म्हणू नका. छान झाल्या असतील तर छान झाल्या म्हणा.

जेवायच्या टेबलावर तिचा फोटो आणि उदबत्ती नको. घरी भिंतीवर तो आहे आणि त्या मुलीला रोज त्याच्यासमोरून जावं लागतं. त्यापेक्षा आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी थांबवा, जिथे डोंगरावरून समुद्र एकदम खाली दिसतो, आणि तिथे तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगा. लोकलमधली, लग्नाआधीची, जी तिच्या मुलीला माहीत नसेल. अशा गोष्टी फक्त तुमच्याकडे आहेत. नवऱ्याकडे बायको आहे, मुलीकडे आई आहे. चोवीस-पंचवीस वर्षांची, गाडी चुकली म्हणून प्लॅटफॉर्मवर चप्पल हातात घेऊन धावणारी मुलगी तुमच्याकडेच आहे. तीच द्या.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. तुमच्या सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तिचा नंबर अजून आहे आणि तो काढायचं धाडस कुणाला होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. काढू नका. पण बरेच दिवस न वापरलेलं खातं आपोआप बंद होतं आणि ग्रुपमध्ये "ती बाहेर पडली" अशी ओळ येते. कधीतरी ती ओळ दिसेल तेव्हा दचकू नका, ती यंत्राने लिहिलेली असते. त्याआधी तिचे आवाजातले मेसेज फोनमधून काढून दुसरीकडे जपून ठेवा आणि त्याची एक प्रत मुलीला द्या. तिला ते ऐकायचे नसतील तर आत्ता ऐकणार नाही. पाच वर्षांनी ऐकेल.

तुमची झोप, भूक, ऑफिसचं काम महिनोन् महिने जाग्यावर येत नसेल, किंवा त्या मुलीचं तसं होतंय असं सहलीत ध्यानात आलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिला तो एक दिवस, ऑडिटचा.

"त्यात तुमची काय चूक, तुम्हाला कुठे माहीत होतं" असं मी म्हणू शकते, आणि ते खरंही आहे, पण त्याने तुमचं समाधान होणार नाही. तुम्ही ते स्वतःला आधीच शंभरदा सांगितलं असेल. गेल्या मे महिन्यात तुम्ही दोघीही असंच धरून चालला होतात की पुढचा मे आहेच. तीही पिशवी उचलून मुकाट्याने गाडीत बसली, कारण तिलाही तसंच वाटत होतं. तिने तुमच्याकडे एक दिवस मागितला होता. तो देता येतो.

तुमचं परतीचं तिकीट एक दिवस पुढे न्या. हंगामात सगळ्यांना जागा मिळणार नाही, सगळ्यांनी थांबायची गरजही नाही. बाकीच्यांना ठरल्या गाडीने जाऊ द्या. तिची मुलगी आली असेल आणि तिची तयारी असेल तर तुम्ही दोघी मागे राहा. दुसऱ्या दिवशी तत्काळमध्ये मिळालं तर ठीक, नाहीतर रत्नागिरीहून रात्रीची एसटी आहे, सकाळी घरी पोहोचाल. त्या दिवसाचा काही कार्यक्रम आखू नका. उशिरा उठा, अंगणात बसून फणस फोडा, दुपारी झोपा, संध्याकाळी भरती बघायला जा.

ऑफिसात त्या दिवसाची रजा आजच टाका. अर्जात कारण लिहायला जागा असते. तिथे "मैत्रीण" असं लिहा.